श्वास तयार आहे, शीर अजून नाही

पत्र: मी ४३ वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वी धावताना डाव्या टाचेच्या वर, साधारण तीन बोटांवर, दुखायला लागलं. दुर्लक्ष करून महिनाभर धावत राहिले, आणि मग एके दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पाय टेकवेना. सोनोग्राफीत अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर, सुजल्यासारखं जाड झालेलं दिसलं, फाटलेलं नव्हतं. पाच महिने धावणं बंद ठेवलं. पोहणं आणि सायकल चालू होती, टाचा उचलायचे व्यायामही केले. आता फिजिओंनी परवानगी दिली आहे. आठवड्यातून तीनदा सपाटीवर ३ किलोमीटर धावते, त्रास नाही. १२ आठवड्यांनी इथल्याच हौशी स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव दिलंय: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. गेल्या रविवारी दीड तास सायकल चालवून लगेच ५ किलोमीटर धावून पाहिलं. धावताना काहीच झालं नाही, दमसुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शीर इतकी आखडली की जिना उतरताना कठडा धरावा लागला. तीन दिवसांनी बरं वाटलं. मी उतरू का? उतरायचं तर तयारी कशी करू? आणि शर्यतीत मध्येच दुखलं तर थांबायचं की रेटायचं?

उत्तर: उतरा. १२ आठवडे पुरेसे आहेत. पण गेल्या रविवारी जे केलंत ते पुन्हा करू नका. आणि त्या रविवारने तुम्हाला काय सांगितलं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तयारी त्यावरच उभी आहे.

पाच महिने तुम्ही पोहत होतात, सायकल चालवत होतात. त्यामुळे हृदय आणि फुप्फुसं शाबूत राहिली. ५ किलोमीटर धावून दम लागला नाही तो त्यामुळेच. पण या पाच महिन्यांत त्या शिरेला धावण्याचा भार एकदाही मिळाला नाही. पाण्यात शरीराचं वजन जवळजवळ नसतंच. सायकलवर वजन सीट आणि हँडल वाटून घेतात. धावताना मात्र प्रत्येक पावलाला अकिलीस टेंडनवर शरीराच्या वजनाच्या सहापट ते आठपट ताण येतो. ५ किलोमीटरमध्ये एकट्या डाव्या पायाची सुमारे ३ हजार पावलं पडतात. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो काही आठवड्यांत तयार होतो. टेंडनला रक्त कमी पोचतं, त्याची बांधणी महिन्यांच्या हिशेबाने चालते. ज्याने फक्त धावणं केलं आणि तेही बंद ठेवलं, त्याचा श्वासच त्याला वेळेवर थांबवतो. ट्रायथलॉनवाल्याला ते कुंपण नसतं. श्वास म्हणतो चल पुढे, आणि शीर गप्प असते.

ती गप्प का असते, हेही महत्त्वाचं. दुखरं टेंडन गरम झालं की सैल पडतं आणि धावताना दुखणं उलट कमी होतं. त्याची तक्रार १२ ते २४ तासांनी येते. म्हणून ‘धावताना काही झालं नाही’ या वाक्याला तुमच्या बाबतीत काही किंमत नाही. धावणं पचलं की नाही, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच मिळणार.

तेव्हा आजपासून रोज सकाळी एकच चाचणी, रोज त्याच क्रमाने करा. पलंगावरून उतरा, अनवाणी दहा पावलं चाला, डाव्या पायावर उभं राहून दहा वेळा टाच उचला, मग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टाचेच्या वर तीन बोटांवरची शीर हलकेच दाबा. दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि आखडलेपण किती मिनिटांत गेलं, हे दोन आकडे वहीत लिहा. आकडा २ किंवा कमी असेल तर ठरलेलं धावणं करा. ३ किंवा ४ असेल आणि अर्ध्या तासात उतरत असेल, तर काही वाढवू नका, तेवढाच भार पुन्हा द्या. ५ किंवा जास्त असेल, किंवा दुपारपर्यंत ठणकत असेल, तर पुढचं धावणं सोडा आणि आराखड्यात एक पायरी मागे या. आकडा रोज थोडा खालीवर होणारच. त्यामुळे एका सकाळीवरून घाबरू नका. तीन-चार दिवस सलग चढत असेल, तर मात्र आकडा बारीक असला तरी तो खरा आहे.

आधी ताकद

टाचा उचलायचे व्यायाम ‘केले’ असं तुम्ही लिहिलंय. ते बंद झाले असतील तर आजच पुन्हा सुरू करा. दुखणं थांबलं की व्यायाम थांबवणं, ही या दुखापतीतली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. शर्यतीच्या आठवड्यापर्यंत ते चालू राहिले पाहिजेत.

आधी आज कुठे आहात ते मोजा. भिंतीला बोटांची टोकं टेकवून एका पायावर उभ्या राहा, गुडघा सरळ. दोन सेकंदांत एक, अशा लयीत टाच पूर्ण वर उचलून खाली आणा. पहिल्या उचलीला डोकं भिंतीवर जिथे पोचतं तिथे चिकटपट्टी लावा. डोकं त्या पट्टीच्या बोटभर खाली राहायला लागलं की मोजणं संपलं, मग पाय आणखी दहा वेळा हलला तरी. ही पट्टी फार उपयोगी आहे. जवळजवळ सगळेच जण आकडा पूर्ण करतात आणि उंची हरवतात, आणि उंची हरवली की उचल अर्धीच राहते. उजव्या पायाने करून पाहा, मग डाव्याने. दोन्हीकडे २० ते २५ च्या आसपास आणि फरक दोन-तीनचाच, असं जमलं की ५ किलोमीटर शर्यतीत धावायचा पाया तयार झाला म्हणायचं. उजवीकडे २४ आणि डावीकडे १३ निघाले, तर रविवारचं कोडं तिथेच सुटलं.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, हळू आणि वजन घेऊन करायचा. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पहिले तीन आठवडे १५ वेळांचे ३ सेट, वजन इतकंच की पंधरावी उचल जेमतेम जमावी. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात १० वेळांचे ४ सेट, जास्त वजनाने. सातव्यापासून ८ किंवा ६ वेळांचे ४ सेट, आणखी जड. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबा. व्यायामशाळा नसेल तर पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घाला. १ लिटरची बाटली म्हणजे १ किलो, त्यामुळे वजन वाढवण्याचा हिशेब सोपा जातो. पिशवी १० किलोच्या पुढे गेली की पायरीच्या कडेवर एका पायाने करा, कठड्याला हात लावून. तुमचं दुखणं टाचेच्या हाडाच्या वर आहे, हाडाला चिकटून नाही, त्यामुळे टाच पायरीच्या खाली न्यायला हरकत नाही. हाडाला चिकटून दुखत असतं तर सपाट जमिनीवरच करा असं सांगितलं असतं.

यातले निम्मे सेट गुडघा वाकवून, खुर्चीत बसून करा, मांडीवर वजन ठेवून. पोटरीत दोन थर आहेत. गुडघा सरळ असताना वरचा जास्त काम करतो, वाकलेला असताना आतला. लांब धावण्यात जास्त राबतो तो हा आतला थर, आणि घरी व्यायाम करणारे नेमका त्यालाच विसरतात.

व्यायाम धावण्याच्या दिवशीच करा, धावणं झाल्यावर किंवा संध्याकाळी. ‘धावण्याच्या दिवशी पाय दमलेले असतात, व्यायाम सुट्टीच्या दिवशी बरा’ असं वाटतं. पण मग शिरेला सुट्टी मिळतच नाही. जड भारानंतर पहिला दिवस-दीड दिवस टेंडनमध्ये मोडतोड जास्त चालते, बांधणीचं पारडं नंतर जड होतं. दोन भारांमध्ये ४८ तास ठेवायचे ते यासाठी. तेव्हा मंगळवार, गुरुवार, रविवार धावणं आणि पोटरीचा व्यायाम, आणि मधल्या दिवसांत पोहणं आणि सायकल. रोज काहीतरी होतंच, आणि शिरेचे दिवस मोकळे राहतात.

धावणं कसं वाढवायचं

रविवारी तुम्ही तीन गोष्टी एकदम बदलल्या. अंतर ३ वरून ५ वर नेलं, धावण्याआधी दीड तास पोटऱ्या दमवल्या, आणि दम लागला नाही म्हणताय त्यावरून वेगही नेहमीपेक्षा थोडा जास्तच असणार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. क्रम असा: आधी अंतर, मग सायकलनंतरचं धावणं, मग वेग. चढ या १२ आठवड्यांत नकोच. चढावर टाच खाली जाते आणि शीर ताणलेल्या अवस्थेत भार घेते.

पहिले दोन आठवडे तीन वेळा ३ किलोमीटर, एवढंच. रविवारनंतर शिरेला शांत व्हायला वेळ द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिन्हींपैकी एक धावणं ४ किलोमीटरचं. पाचव्या-सहाव्यात ते साडेचारवर न्या, आणि दुसऱ्या एका दिवशी अर्धा तास सायकल चालवून लगेच १ किलोमीटर धावा. सायकलनंतर लगेच धावण्याला ट्रायथलॉनवाले ‘ब्रिक’ म्हणतात. आठवड्यातून ब्रिक एकच, आणि ते तीन धावण्यांपैकी एकाच्या जागी, चौथं म्हणून नाही. सातव्या-आठव्या आठवड्यात लांब धावणं ५, ब्रिक पाऊण तास सायकल आणि २ किलोमीटर. नवव्यात २० किलोमीटर सायकल आणि ३, दहाव्यात २० आणि ४. तिथे थांबा. शर्यतीइतकं पूर्ण ब्रिक आधी करून पाहायचा मोह होईल, पण गरज नाही. दहाव्या आठवड्याचं ब्रिक शर्यतीच्या १४ दिवस आधी येतं आणि तेच शेवटचं मोठं काम. अकराव्यात सगळं दोन-तृतीयांशावर आणा, बाराव्यात २ किलोमीटरची दोन हलकी धावणी पुरेत.

वेगाचं काम आठव्या आठवड्याच्या आधी नाही. नंतरही मधल्या धावण्यात एक-एक मिनिटाचे चार तुकडे, बोलता येईल त्याहून थोडे जोरात, मध्ये दोन मिनिटं सावकाश. जोरात म्हणजे पूर्ण ताकदीने पळणं नव्हे. पूर्ण वेगात चवड्यांवर पळणं या शिरेला सगळ्यात महाग पडतं.

मिनिटाला पावलं किती पडतात ते एकदा मोजा. डावा पाय ३० सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणा. आकडा १६० च्या आसपास असेल तर तो १६८ पर्यंत न्या, म्हणजे पाच टक्के वाढ. वेग तोच ठेवायचा, पाऊल आखूड करायचं. प्रत्येक पावलाचा दणका कमी होतो. दहा टक्क्यांहून जास्त एकदम वाढवलं तर मात्र माणूस नकळत चवड्यांवर धावायला लागतो आणि कमावलेलं जातं.

बूट असे घ्या की टाचेकडचा सोल पुढच्यापेक्षा ८ ते १२ मिलीमीटर उंच आहे. सपाट, पातळ सोलचे बूट या शर्यतीपुरते बाजूला ठेवा. बूट चांगले असतील तर बदलू नका, बदलायचेच असतील तर चार आठवडे हातात ठेवून बदला. मागचा काठ उंच आणि कडक असेल तर तो नेमका दुखऱ्या जागी घासतो. बूट घालून पायरी उतरून पाहा, तिथे कळतं.

सायकल आणि पाणी

सायकल सुरक्षित, म्हणून तिच्याकडे लक्ष देत नाही, असं होतं. पण धावण्याआधी पोटरी किती दमणार ते सायकलवरच ठरतं. सीट फार उंच असेल तर पेडल खाली जाताना पाय टोकदार होतो आणि पोटरी प्रत्येक फेऱ्याला आवळते. फार खाली असेल तर टाच खाली दबते आणि शीर ताणते. सोपी तपासणी: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा नुकता सरळ व्हावा. मग पायाचा चवडा नेहमीसारखा ठेवला की गुडघ्यात हवी तेवढी वाक आपोआप येते. क्लीटचे बूट (तळव्याला पेडलमध्ये अडकणारा खटका असलेले) वापरत असाल तर क्लीट ५ मिलीमीटर मागे, टाचेच्या दिशेला सरकवा. पेडल आणि घोटा यांच्यातलं अंतर कमी झालं की पोटरीचं कामही कमी होतं. त्यानंतर सीटही दोन-तीन मिलीमीटर खाली घ्यावी लागेल. हे बदल आत्ताच करा, शर्यतीच्या तोंडावर नाही.

जड गिअर टाळा. मिनिटाला ८५ ते ९० फेरे हलक्या गिअरवर, आणि शेवटचा दीड किलोमीटर आणखी हलक्या गिअरवर, सीटवर बसूनच. उभं राहून पेडल मारणं चढापुरतंही नको.

पोहण्यात दोन जागा जपायच्या. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे २९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलायचं. जोरात ढकललं तर ती छोटी उडीच असते. डाव्या पायाला आराम देऊन हलकं ढकला. शर्यत मोकळ्या पाण्यात असेल तर तिथे भिंत नसतेच, मग सवयीचंही नुकसान नाही. पायाला लावायची फिन्स या तीन महिन्यांत वापरू नका, त्यांच्या पात्याचा सगळा रेटा घोट्यावर आणि पोटरीवर येतो. पाय कंबरेतून मारा, घोटा सैल. पाण्यात पोटरीत गोळा आला तर पाठीवर वळा, तरंगत राहा, पंजा नडगीकडे हळू ओढा. झटका देऊ नका. आणि सुरुवातीला गर्दीच्या मागे, कडेला उभ्या राहा.

पाण्याबद्दल आणखी एक, आणि हे शिरेच्याही वर. ट्रायथलॉनमधले जिवावर बेतणारे प्रसंग बहुतेक पोहण्यात घडतात, आणि त्यांत हृदयाचा वाटा मोठा असतो. वय ४० च्या पुढे आहे, तर शर्यतीआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. पाण्यात छातीत दडपलं, श्वास जमेना, तर हात वर करून बचावाच्या बोटीला धरा. बोटीला धरून विश्रांती घेतली म्हणून सहसा बाद करत नाहीत, फक्त ती तुम्हाला पुढे ओढून नेता कामा नये.

दोन टप्प्यांमधली जागा

पाण्यातून निघाल्यावर सायकलीपर्यंत अनवाणी जायचं असतं, कधी शंभर मीटर, कधी तीनशे. लोक धावत सुटतात. पाय थंड, पोटरी पाण्यात आखडलेली, बुटाच्या टाचेचा आधार नाही, आणि वाळू असेल तर टाच रुतते. तुमच्या शिरेसाठी पूर्ण ५ किलोमीटरपेक्षा हे दोनशे मीटर जास्त धोक्याचे आहेत. भराभर चाला, धावू नका. मिनिटभर जाईल, जाऊ द्या. पाण्याच्या काठाशी चपला ठेवायला परवानगी आहे का ते आयोजकांना आधी विचारा. उभ्या राहताना चक्कर येते, म्हणून शेवटच्या ५० मीटरला पाय जरा जास्त मारा आणि मगच उभ्या राहा.

क्लीटचे बूट घालून ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे दोन टप्प्यांमधल्या या बदलाच्या जागेत, धावणं हाही असाच सापळा आहे. क्लीटमुळे चवडा उंच आणि टाच खाली राहते, म्हणजे प्रत्येक पावलाला शीर ताणते. २० किलोमीटरसाठी साधे सपाट पेडल आणि धावण्याचेच बूट हा माझ्या मते तुमच्यासाठी जास्त चांगला पर्याय. वेग किंचित कमी होतो, पण बूट बदलायचा वेळ वाचतो आणि क्लीटवर पळणं टळतं. सराव मात्र तसाच करा.

वेळ मोजणारी चिप घोट्याला बांधतात, आणि बहुतेक जण ती डाव्या पायाला बांधतात कारण साखळी उजवीकडे असते. तुमचा दुखरा पाय डावाच. ओल्या पट्ट्याची कड त्या तीन बोटांवरच्या जागी दोन तास घासली तर वेगळंच दुखणं मागे लागेल. पट्टा घोट्याच्या हाडाच्या जरा वर, चिप बाहेरच्या बाजूला, आणि मागे शिरेवर जोड येणार नाही असा बांधा. तशाच रुंदीचा पट्टा बांधून एखादं ब्रिक करून बघा. लवचीक लेस वापरणार असाल तर त्याही सरावात बसवून घ्या. त्या फार घट्ट असल्या तर बुटाचा मागचा काठ शिरेवर दाबतो.

नियमांपैकी नवख्यांना नडणारे दोन: सायकलीला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद, आणि सायकल जागेवर लावेपर्यंत तो उघडायचा नाही. बाकी तुमच्या शर्यतीची नियमपुस्तिका वाचा, आणि प्रत्येक टप्प्याची कट-ऑफ वेळ, म्हणजे तो संपवायची शेवटची मर्यादा, त्यात शोधा. अंदाजे हिशेब असा: पोहणं २० मिनिटं, पहिला बदल ४, ताशी २४ किलोमीटरने सायकल ५०, दुसरा बदल ३, आणि मध्ये मध्ये चालत ५ किलोमीटर ४० मिनिटं. एकूण ११७. कट-ऑफ दोन तासांच्या पुढे बरीच असेल तर चालायला भरपूर जागा आहे, आणि ती आधीच कळली की शर्यतीत घाई सुटत नाही.

त्या दिवशी

पहाटे नेहमीची चाचणी करा. मग पाच मिनिटं चालणं, दोन्ही पायांवर टाचा उचलायचे १५ चे दोन सेट, दोन मिनिटं सावकाश धावणं. पायरीवर टाच लोंबकळत ठेवून पोटरी ताणणं नको. थंड शिरेला ते बोचतं.

धावण्याच्या टप्प्यावर पहिल्या पावलापासून ४ मिनिटं धावणं, ३० सेकंद चालणं. दुखायला लागल्यावर चालू असं ठरवू नका, कारण दुखणं उशिरा येतं हे तुम्ही अनुभवलंय. चालायला नियमाने मनाई नाही. सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतील आणि वेगाचा अंदाज चुकेल. सायकलच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना धावणं मंद वाटतं आणि माणूस नकळत जोरात सुटतो. पहिला किलोमीटर घड्याळ पाहून, मुद्दाम हळू.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, थांबायचं की रेटायचं. हे शर्यतीत ठरवायचं नसतं, आज ठरवायचं. दुखणं ३ पर्यंत असेल तर चालू ठेवा. ४ झालं तर चालण्याचा वेळ दुप्पट करा. ५ झालं तर उरलेलं अंतर चालत, तेही दुखणं उतरत असेल तरच. आणि आकडा काहीही असो, लंगडायला लागलात तर तिथेच थांबायचं, कारण लंगडताना भार दुसऱ्या पायावर आणि गुडघ्यावर जातो आणि तुम्हाला तो कळत नाही. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, ‘टप्’ आवाज झाला, चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असू शकते. पालथं झोपून कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पंजा हलला नाही तर लगेच रुग्णालयात, त्या पायावर भार न देता.

दुखणं दाबणारी गोळी घेऊन उतरू नका. शीर बोलायचं ते आणखी उशिरा बोलेल, आणि घाम गाळताना या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. शिरेत किंवा तिच्या भोवती स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन शर्यत उरकण्याचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हणा, त्याने टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतं. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी अकिलीस टेंडनला इजा होण्याचा, ते तुटण्याचासुद्धा धोका असतो. या काळात संसर्गासाठी औषध लिहून घ्यायची वेळ आली तर शिरेच्या दुखण्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा, दुसरा पर्याय बहुधा असतो.

आधी दोन वेळा थांबून बघायचं आहे. आठव्या आठवड्याच्या शेवटी: टाच उचलण्याचा आकडा दोन्ही पायांचा जवळपास सारखा आहे का, आणि ५ किलोमीटरनंतरची सकाळ २ च्या आत राहिली का? दहाव्या आठवड्याच्या ब्रिकनंतर: सकाळ २ च्या आत राहिली का? पहिल्या ठिकाणी उत्तर नाही आलं तर आयोजकांना आत्ताच विचारून ठेवलेलं उपयोगी पडेल: तिघांच्या संघात पोहणं किंवा सायकल घेता येते का, फक्त पोहणं आणि सायकल असा गट आहे का, नोंदणी पुढच्या वेळेस नेता येते का. हे प्रश्न शेवटच्या आठवड्यात विचारले तर बहुधा उशीर झालेला असतो. दुसऱ्या ठिकाणी सकाळ ३-४ ची आली, तर उतरा, पण धावण्याचा टप्पा १ मिनिट धावणं, १ मिनिट चालणं असा. ५ ची आली तर पोहून, सायकल चालवून थांबा.

शर्यतीनंतर दोन दिवस शीर आखडणार, ते गृहीत धरा. तीन-चार दिवस धावायचं नाही, चालणं आणि पोहणं चालेल. तिसऱ्या दिवशी टाचा उचलायचा व्यायाम निम्म्या वजनाने सुरू करा आणि आठवड्याभरात पूर्ण वजनावर या. पहिलं धावणं ३ किलोमीटरचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडून आकडा लिहायचा.